उंदराचा हात

पेणच्या बाजारपेठेत माझं प्रवासाचं ऑफिस होतं. ‘होतं’ लिहायची अजून सवय नाही, पण या मे महिन्यात शटर ओढलं आणि जागा शेजारच्या मोबाइलवाल्याला दिली. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं की धंद्यातल्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना हसायचं असतं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की त्या बाजूला सरकतात आणि माझ्या ऑफिसची एक भिंत समोर येते. त्या भिंतीवर एक उंदीर आहे. त्याच्यापर्यंत पोचायला मला थोडा वेळ द्या, कारण तिकडे जायला माझे पाय उचलत नाहीत.

माझा धंदा काय होता, ते आधी सांगतो. लोकांना वाटतं, प्रवास कंपनीवाला म्हणजे तिकीट काढून देणारा माणूस. तिकीट आता कोणीही अंथरुणात पडल्या पडल्या काढतो. शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे यायची ती लहान मुलांची आईबापं. त्यांना एकच हवं असायचं, परदेशातलं ते मोठं बागेसारखं प्रकरण, जिथे पाळणे असतात, महाल असतो, बाहुल्या चालत येऊन मुलांशी हात मिळवतात. कोणी सिंगापूर म्हणायचं, कोणी हाँगकाँग. सगळ्यांनी मोबाइलवर कोणाच्या तरी मुलांचे फोटो पाहिलेले असायचे आणि आपली मुलं मागे राहतायत अशी धास्ती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असायची.

लहान मुलांना घेऊन परदेशात जाणं म्हणजे काय, हे मी त्यांना बसवून सांगायचो. तान्ह्या बाळालासुद्धा पासपोर्ट लागतो आणि फोटोत त्याचे डोळे उघडे हवेत. आमच्याकडचा फोटोवाला पांढऱ्या चादरीवर बाळ निजवून स्टुलावर चढायचा आणि खुळखुळा वाजवायचा, बाळ नेमकं जांभई द्यायचं. पहाटेचं विमान स्वस्त दिसतं, पण त्यासाठी पेणहून आदल्या रात्रीच निघावं लागतं. वडखळचा रस्ता पोराला उलटी करायला पुरेसा आहे, ती उलटी अंगावर घेऊन विमानात बसायची तयारी आहे का, हे मी विचारायचो. मुलं दुपारी झोपतात आणि नेमकी तेव्हाच बागेत बाहुल्यांची मिरवणूक असते. हे सगळं ऐकून लोक मान डोलवायचे आणि मग पहाटेचंच विमान घ्यायचे.

दर गुरुवारी मी रोह्याला मेहुण्याच्या स्टेशनरीच्या दुकानात एक टेबल टाकून बसायचो. तिथलं गिऱ्हाईक कंपनीतलं. सगळं ठरलं की शिफ्ट बदलायची नाहीतर प्लांटचं शटडाऊन निघायचं. असाच एक बाप तीनदा तारीख बदलून अखेर गेला. त्याचा दोन वर्षांचा मुलगा महालासमोर आतषबाजी चालू असताना गाढ झोपलेला होता, त्याचा व्हिडिओ तो मला दाखवत होता. मागे आकाश पेटलंय आणि पुढे पोराची लाळ गळतेय. “पोराला लक्षात काय राहिलं?” मी विचारलं. तो म्हणाला, “हॉटेलची लिफ्ट. अजून बटण दाबायला मागतो.” मला हसू आलं, त्यालाही आलं, पण तो बराच वेळ व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे नेत राहिला.

आणखी एक प्रश्न मी विचारायचो, जो मुंबईचा एजंट कधी विचारणार नाही. “भावकीत कोणी अंथरुणाला खिळलंय का?” लोकांना राग यायचा. पण आमच्याकडे एकेका गावात भावकी म्हणजे अर्धं गाव. कोणाचे चुलत आजोबा गेले तरी दहा दिवस सुतक, आणि सुतकात कोणी महाल बघायला जात नाही. खांब गावच्या एका कुटुंबाची गाडी दारात उभी होती, मुलांच्या पायात नवे बूट होते, आणि तेवढ्यात पलीकडच्या आळीतून बातमी आली. ती मुलं संध्याकाळपर्यंत बूट काढायला तयार नव्हती, असं त्यांच्या आईनं मला नंतर सांगितलं. त्या म्हाताऱ्याला मुलांनी उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल.

आता उंदीर.

जोह्याचा नितीन माझ्याकडे पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्याबरोबर बायको सुजाता, चार वर्षांची दुर्वा आणि कडेवर दोन वर्षांचा शौर्य होता. नितीनचा गणपतीचा कारखाना. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हमरापूर, जोहे या बाजूला घराघरांत गणपती बनतात आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधीच त्यातले काही खोक्यांत बसून परदेशी निघूनही जातात. नितीन म्हणायचा, “आमचे बाप्पा सगळा मुलूख फिरून आले भाऊ, आमी फकस्त खोकी बांधली.” या लोकांना गणेशचतुर्थीला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांच्या घरचा गणपती मागाहून, साखरचौथीला बसतो. तो उठला की काय ते चार दिवस मोकळे. म्हणून नितीन दरवर्षी साखरचौथ झाली की यायचा, हाताला रंगाचा वास घेऊन.

ऑफिसात मी एक टीव्ही लावलेला असायचा, त्यावर बागेची चित्रफीत फिरत राहायची. त्यात एक छोटी आगगाडी होती. लाल इंजिन, मागे चार डबे, डोंगराच्या पोटात शिरायची आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्या बाजूनं बाहेर यायची. आत काय आहे, ते चित्रफितीत दाखवत नसत. दुर्वा टीव्हीपुढे उभी राहिली ती हललीच नाही. गाडी आत गेली की ती श्वास धरून ठेवायची. “आत काय हाय?” तिनं मला विचारलं. मी म्हटलं, ते तिथं जाऊनच बघायचं असतं.

मग मी नेहमीप्रमाणे धंद्यातली गोष्ट सांगितली. असल्या गाड्यांना उंचीची अट असते. मांडीवर एक दांडा येतो, मूल लहान असेल तर ते त्या दांड्याखालून घसरू शकतं, म्हणून दाराशी मोजूनच आत सोडतात. त्या गाडीची अट एक मीटरच्या वर जरा. मी भिंतीवर तेवढ्या उंचीवर एक चिकटपट्टी लावून ठेवलेली होती. दुर्वा तिथे उभी राहिली. डोक्याच्या आणि पट्टीच्या मध्ये एक वीत उरली.

“लहान हाय अजून,” नितीन म्हणाला. “पुढल्या वर्षी होईल मोठी. तवा शौर्यपण चालायला लागेल नीट.” मग त्यानं माझ्या चिकटपट्टीकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “भाऊ, पोरांना ही असली पट्टी दाखवताव? थांबा.”

दुसऱ्या दिवशी तो रंग घेऊन आला आणि तासाभरात भिंतीवर उंदीर काढून गेला. गणपतीच्या पायाशी बसतो तोच, पण दोन पायांवर उभा, पोट पुढे, एक हात आडवा पसरलेला. हाताची खालची कड बरोबर अटीच्या उंचीवर. डोकं उंदराच्या हाताला लागलं की पोर गाडीत बसायला मोकळं. डोळे तर असे आखले होते की बघणाऱ्या पोरावरच रोखलेले वाटावेत. पुढे कितीतरी मुलं त्या हाताखाली उभी राहिली. डोकं लागलं की आया टाळ्या वाजवायच्या. पेणमध्ये माझं ऑफिस त्या उंदरामुळे ओळखलं जाऊ लागलं आणि मला त्याचा अभिमान होता, हे खरंच सांगतो.

पुढच्या साखरचौथीनंतर ती सगळी परत आली. दुर्वा दारातूनच धावत उंदरापाशी गेली, टाचा टेकवून, पाठ भिंतीला लावून उभी राहिली. तिला कोणी शिकवावं लागलं नाही. मी गेल्या वर्षी पेन्सिलीनं खूण केली होती, त्या खुणेपेक्षा ती दोन बोटं वर आली होती. वर्षभरात दोन बोटं. मी माझ्या नातवंडांना वाढताना पाहिलेलं आहे.

नितीन बाहेर गाडी बाजूला घ्यायला गेला, तेव्हा मी सुजाताला विचारलं, “डॉक्टरांना दाखवलंस का गो?”

ती टीव्हीकडे बघत म्हणाली, “दाखवलं भाऊ. पेणला दाखवलं, मुंबईलापन दाखवलं. हाडांचंच हाय, बोलले. पोर हुशार हाय, सगळं नीट हाय, फकस्त उंची अशीच हलू हलू. इंजेक्शनाचा उपेग नाय बोलले.” थोड्या वेळानं म्हणाली, “यांना पटत नाय. यांच्याम्होरं बोलू नका.”

नितीनला खरंच पटत नव्हतं. त्याच्या मते त्यांच्या घराण्यात मुली उशिरा वाढतात. त्यानं कारखान्यात आडव्या वाशाला दोरी बांधली होती आणि पोरीला रोज तिला लोंबकळायला लावायचा. दूध, अंडी, कोणी सांगितलेला काढा, सगळं चालू होतं. “पुढल्या वर्षी,” तो म्हणाला. दुर्वानं जाताना उंदराकडे वळून पाहिलं आणि स्वतःशीच मान हलवली. जणू त्या दोघांचं काही ठरलं होतं.

तिसऱ्या वर्षी शौर्य तिच्याबरोबरीला आला. दोघं शेजारी शेजारी उभी राहिली आणि दोघांची डोकी एका पातळीत. शौर्य चार वर्षांचा, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तो उंदराच्या पोटावर बोट खुपसत होता. दुर्वानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या डोक्यावर आणला, मग पुन्हा एकदा. नितीनचं तोंड त्या दिवशी बघवत नव्हतं. तो नेहमी चहा घ्यायचा, त्या दिवशी न घेताच गेला.

माझ्या धंद्यात बाकी सगळ्या अडचणींवर उपाय असतो. व्हिसा अडला तर ओळख काढायची, विमान चुकलं तर दुसरं बघायचं. पोराला ताप आला तर हॉटेलात डॉक्टर बोलवायचा. इथे मला काहीच करता येत नव्हतं. मी रात्री घरी बायकोला म्हणालो, “त्या उंदरावर चुना फासू का?” ती म्हणाली, “मग ती पोर विचारेल, उंदीर कुठं गेला. काय सांगणार आहात?”

चौथ्या वर्षी, साखरचौथीच्या कितीतरी आधी, सुजाता एकटी आली. कारखान्यात कामाचा जोर असताना ती आली म्हणजे काहीतरी ठरवून आलेली. खुर्चीच्या टोकावर बसली.

“भाऊ, एक विचारू? पोरांची उंची मोजत नाय, असा कुठला देश हाय का?”

मी टेबलावरचे कागद बाजूला सारले.

“मला तिला नेयाची हाय,” ती म्हणाली. “आता शौर्य तिच्या म्होरं गेला. गावातली पोरं तिला ‘धाकटी’ बोलतात. ती मोठी हाय भाऊ. एकदा कुठंतरी ती त्याच्याबरोबर सगळीकडं आत जावी, एवढंच मना व्हवा. मग परत नाय मागणार.”

त्यानंतर मी जे काम केलं, तसं आयुष्यात कुठल्या सहलीसाठी केलं नसेल. सिंगापूरच्या त्या बागेचा नकाशा टेबलावर पसरला. जिथे जिथे मोजतात, त्या सगळ्या जागा लाल पेनानं खोडल्या. उरलं त्याच्यातून वाट काढली. घोड्यांचा गोल पाळणा, होड्या, काचेतले मासे, मिरवणूक, बाहुल्यांशी हात मिळवायचं. सकाळी कुठल्या दारानं शिरायचं, जेवायला कुठे वळायचं म्हणजे आगगाडीचा डोंगर वाटेत येणार नाही, हेसुद्धा लिहून दिलं. बागेच्या कचेरीला मेल पाठवून विचारलं की सात वर्षांची मुलगी आहे, उंची कमी आहे, आईच्या शेजारी बसेल, एवढी एक सवलत मिळेल का. उत्तर दोन दिवसांत आलं. फार सभ्य होतं. दांडा सगळ्यांना सारखाच असतो आणि मुलीच्या जिवाची जबाबदारी आमच्यावर आहे, असं लिहिलेलं. त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं.

ते उत्तर मी नितीनला मराठीत वाचून दाखवलं. तो शांतपणे ऐकत होता. “कागदावर असंच लिहितात भाऊ,” तो म्हणाला. “आणि आमची दुर्वा भरते आता. मी कारखान्यात मोजली.”

“उंदराखाली उभी कर ना मग,” मी म्हटलं.

“कशाला उगाच,” तो म्हणाला आणि उठला.

तो खोटं बोलत नव्हता. हे मला नंतर कळलं आणि म्हणूनच इथे सांगतो. गणपतीच्या धंद्यात मूर्तीची उंची खालच्या पाटापासून मुकुटाच्या टोकापर्यंत धरतात. गिऱ्हाईक दोन फुटी मागतं, त्यात चार बोटं पाट, वीतभर मुकुट, आणि मधे जे उरेल तेवढा देव. त्यात फसवणूक नाही, सगळ्या पंचक्रोशीत तोच रिवाज आहे आणि नितीननं लहानपणापासून दुसरं माप पाहिलेलंच नाही. त्यानं दुर्वाच्या चपलांना खालून रबराचे थर चिकटवले, कडा पॉलिश पेपरनं घासून गोल केल्या, वर रंग दिला. ओळखू येणार नाही असं सुबक काम. सुजाताला सांगून केसांचा अंबाडा डोक्याच्या अगदी वर बांधायला लावला. मग कारखान्याच्या मापानं मोजली, तर पोर बरोबर भरली. पाट मूर्तीत धरतात तर चपला पोरीत का धरू नयेत, हे त्याला खरोखर समजत नव्हतं.

साखरचौथ झाली आणि ते चौघं सिंगापूरला गेले. पहिले दोन दिवस माझ्या आखणीप्रमाणे गेले. सुजातानं फोटो पाठवले. दुर्वा पांढऱ्या घोड्यावर, शौर्य काळ्या घोड्यावर. दुर्वा एका मोठ्या अस्वलाच्या गळ्यात पडलेली. एका फोटोत ती होडीत पुढे बसलीय आणि शौर्य तिच्या मागे, कारण ती मोठी. मी तो फोटो ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. दोन दिवस मी माणसांशी हसून बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी नितीनचा फोन आला. माझ्यासमोर पेणच्या ऑफिसात रोह्याहून आलेलं एक जोडपं बसलेलं होतं. फोनमध्ये गर्दीचा आवाज, संगीत, आणि त्यातून नितीन.

“भाऊ, यांना जरा इंग्लिशमधनं सांगा. चपला काढायला लावतायत. यांना बोला, चपलेसकटच धरतात.”

मला कळेना तो कुठे आहे. मग कळलं, तो आगगाडीच्या दाराशी उभा होता. त्यानं फोन तिथल्या मुलीच्या हातात दिला होता. आवाजावरून विशीतली असेल. ती फार हळू, फार गोड बोलत होती. म्हणाली, सर, सॉरी, ही मुलगी अजून छोटी आहे, पुढच्या वर्षी नक्की या. तिला वाटत होतं ती पोरीला धीर देतेय. मी म्हटलं, हो, तुमचं बरोबर आहे. याहून दुसरं काय म्हणणार होतो?

पुन्हा नितीन आला. “सांगितलं काय?”

“नितीन,” मी म्हटलं, “तिला बाजूला घे. तिकडं बाहुल्यांकडं जा.”

“पन भाऊ, भरते ती. मी सोता मोजलीय. अंबाडा दाबला यांनी पट्टीनं. दाबला तर कशी भरंल?” त्याचा आवाज चढत गेला आणि मग अर्ध्यात तुटला. एवढा मोठा माणूस, मागे परक्या लोकांची रांग, आणि तो फोनवर मला पुन्हा पुन्हा माप सांगत होता.

मग सुजातानं फोन घेतला. ती रडत नव्हती. “तीन वर्सं वाट बघली भाऊ तिनं,” एवढंच म्हणाली. मागून दुर्वाचा आवाज आला, स्वच्छ. “मम्मी, शौर्यला ने ना आत. मी हाय इथं पप्पांजवळ. जा ना गो, लोक थांबलेत.”

शौर्य उंचीत भरला होता, त्याच्या मनगटावर त्यांनी पट्टा बांधला होता. त्याला एकट्याला सोडत नव्हते, म्हणून सुजाता त्याच्याबरोबर गेली. नितीन दुर्वाला घेऊन रांगेच्या बाहेर उभा राहिला. ती अनवाणी होती आणि तिच्या चपला त्याच्या हातात होत्या. हे त्यानंच मला सांगितलं, परत आल्यावर, मान वर न करता.

माझ्यासमोरचं रोह्याचं जोडपं विचारत होतं, “काय झालं, कोणाला लागलं का?” मी म्हटलं, नाही, सगळे सुखरूप आहेत. मग त्यांना त्याच बागेची माहिती द्यायला लागलो. त्यांची मुलगी उठून उंदराच्या हाताखाली जाऊन उभी राहिली. तिचं डोकं लागत होतं. आई टाळ्या वाजवायला लागली आणि मी तोंड फिरवलं.

त्यानंतर मी सहा-सात महिने ऑफिस चालवलं, पण मन उडालं होतं. लोक म्हणतात, मोबाइलनं तुमचा धंदा खाल्ला. तेही खरं आहे. पण मोबाइलशी मी आणखी काही वर्षं झुंजलो असतो. मूल दारातून आत आलं की माझी नजर आधी उंदराकडे जायची. बंद करायच्या आधी मी भिंतीवर पांढरा रंग मारून घेतला. नितीनचा रंग पक्का, पहिल्या हातातून डोळे दिसतच राहिले. दुसरा हात मारावा लागला.

या श्रावणात घरच्या गणपतीची मूर्ती ठरवायला जोह्याला गेलो. खरं तर जायचं टाळत होतो. दुसरीकडून आणू, असं बायकोला म्हणूनही झालं होतं. तिनं ऐकलं नाही. नितीनच्या कारखान्यात प्लास्टिकच्या कागदाखाली ओळीनं मूर्ती उभ्या होत्या, ओल्या रंगाचा वास होता. नितीन आतल्या बाजूला मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत बसलेला. मला बघून उठला, हसला, “या भाऊ,” म्हणाला आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेला तो लवकर आलाच नाही. वाशाला दोरी नव्हती.

दुर्वा पुढच्या बाजूला स्टुलावर बसून उंदरांना पिवळं पितांबर रंगवत होती. आता आठ वर्षांची आहे. हात मात्र बापाचा, रेघेबाहेर एक थेंब नाही. शौर्य दारात सायकलवर एक पाय टेकून उभा होता, तिच्यापेक्षा डोकंभर उंच. मला बघितल्यावर सायकल घेऊन निघून गेला.

“काका,” दुर्वानं ब्रश न थांबवता विचारलं, “तुमी गेलाव का कवा त्या गाडीत?”

गेलो होतो. एजंट लोकांना दाखवायला नेतात तसं एकदा नेलं होतं, आम्ही टक्कल पडलेले आठ-दहा पुरुष त्या लाल डब्यांत गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. आत गुहा आहे. छताला हजारो निळे दिवे, काजव्यांसारखे, आणि खाली पाणी, त्यामुळे दिवे वर आहेत की खाली, तेच कळत नाही. मग एका वळणावर सगळे दिवे एकदम विझतात आणि गाडी खाली सुटते. मी पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा ओरडलो होतो.

“गेलो होतो एकदा,” मी म्हटलं.

“आत काय हाय?”

ब्रश थांबला होता. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, “काही नाही गं. अंधार असतो नुसता.”

“शौर्यपन तेच बोलतो,” ती म्हणाली. “मम्मीपन.” तिनं उंदीर उचलून ओळीत ठेवला, दुसरा घेतला. “पन तो बाहेर आला ना काका, तवा हसत होता. मना बघितलं आन् मग थांबला.”

मी मूर्तींच्या ओळीकडे वळलो.

“मूर्ती किती फुटाची देव तुमाला?” तिनं विचारलं.

“ही दे,” मी समोरच्या पहिल्याच मूर्तीवर हात ठेवून म्हटलं. “असेल तेवढी असू दे. मोजू नको.”

“मोजावं लागतं काका. नायतर मागनं गिऱ्हाईक भांडतं.”

ती खाली उतरली, स्टूल ओढत मूर्तीपाशी नेलं, त्यावर चढली आणि टेप सोडला, पाटापासून थेट मुकुटाच्या टोकापर्यंत.